दर दोन तासांनी कूस

आम्ही पिंजारी. गादीवाले म्हणा, कापूस पिंजणारे म्हणा, पण माझ्या अब्बांचं खरं काम लोकरीचं. सांगलीकडच्या दुष्काळी भागात आमचं गाव, तिथे धनगर मेंढ्या कातरायचे, लोकर आमच्या दारात आणून टाकायचे आणि अब्बा तिचं जेन करायचे. जेन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मुंबईत ते कुणालाच माहीत नसतं, सगळे विचारतात घोंगडं का, तर नाही, घोंगडं विणतात, जेन विणत नाहीत. सूत नाही, माग नाही, सुई नाही. लोकर धुवायची, पिंजायची, ताडपत्रीवर थरावर थर पसरायची, वरून रिठ्याचं गरम पाणी शिंपडायचं, नळकांड्यावर गुंडाळायची आणि लाटायची. लाटत राहायचं. चारशे वेळा पुढे-मागे, मग उघडून फिरवायचं आणि परत चारशे. ऊब, पाणी आणि घासणं, ही तिन्ही मिळाली की लोकरीचा केस शेजारच्या केसाला धरतो, आणि असा धरतो की मग कुणाला सोडवता येत नाही. बेचाळीस इंच पसरलं तर अठ्ठावीस उरतं. म्हणून मोजून पसरायचं. अब्बांना लिहिता येत नव्हतं पण मोजताना ते कधी चुकले नाहीत, आणि त्यांची ती सवय मला लागली. मी सगळं मोजते.

मी चौथी मुलगी. मोठ्या तिघींना अम्माने चुलीला लावलं आणि माझ्या वेळेपर्यंत अब्बांची कंबर गेली होती, तेव्हा मला नळकांड्याला लावलं. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली ती म्हणजे जावळ ओळखायला. कोकराची पहिली कातरणी असते ना, तिला जावळ म्हणतात, माणसाच्या बाळाचं काढतात तसंच. बाकीची लोकर टोचते, जावळ टोचत नाही. ते अब्बा बाजूला ठेवायचे, बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी, विकायचे नाहीत. अम्माच्या कोंबड्या होत्या पंधरा-वीस, त्यांचं मला काही शिकवावं लागलं नाही, त्या पायातच असायच्या. म्हणजे बघा, लोकर आणि कोंबड्या, जन्मापासून दोन्ही माझ्याजवळच आहेत, आणि या दोन्ही गोष्टी मला चांगल्या कळतात असा माझा समज होता.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मी घाटकोपरला आले. हेही पिंजारीच, खांद्यावर पिंजण घेऊन मुलुंड, भांडुप, विक्रोळी सगळं पायी फिरायचे, तार वाजवत, बायका गॅलरीतून हाक मारायच्या आणि हे खाली बसून गादी पिंजून द्यायचे. मग फोमच्या गाद्या आल्या आणि हाका बंद झाल्या. त्याच सुमारास गोरेगावचा एक घोडेवाला, शूटिंगला घोडे पुरवतो तो, आमच्या दारात पसरलेलं जेन बघून थांबला आणि म्हणाला, हे घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली टाकायला द्या, बाजारातलं नकली असतं, घोड्याची पाठ सोलते. तेव्हापासून राजा-महाराजांच्या मालिकांना आमचं जेन जातं. तुम्ही टीव्हीवर घोडे बघितले असतील तर खोगिराखाली कडेला जी करड्या रंगाची पट्टी दिसते ती मी लाटलेली असू शकते. हे पिंजायचे, मी लाटायचे. मुलगी झाली, तिचं लग्न झालं, ती आता बोरिवलीला, तिची दोन लहान, ती महिन्यातून एकदा येते, तिला मी दोष देत नाही.

आमची वस्ती टेकडीवर, खालच्या रस्त्यापासून दारापर्यंत एकशे बेचाळीस पायऱ्या आहेत. कच्च्या लोकरीला वास असतो, ती गल्लीत धुतलेली लोकांना चालत नाही, आणि वर पाणी सकाळी दीड तासच येतं, म्हणून आम्ही ती खाली नळावर धुवायचो आणि ओली वर आणायचो. कोरडं पोतं अकरा किलोचं, ओलं झालं की तीसच्या वर जातं. त्या दिवसाला आता चार वर्षं झाली. मी म्हटलं दोन खेपा करू. हे म्हणाले, दोन खेपांत दोनशे चौऱ्याऐंशी पायऱ्या होतात, तूच हिशेब कर. आणि पोतं डोक्यावर घेऊन निघाले. मी मागेच होते. सत्त्याण्णवाव्या पायरीला पाय सरकला आणि ते पाठीवर पडले, पोतं अंगावर. ओठ हलत होते, हात हलत होते, कमरेखाली काही नाही. तेव्हापासून नाही.

हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरांनी मला तीन गोष्टी सांगितल्या, मी बोटांवर मोजून पाठ केल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठ कोरडी ठेवायची. रोज दोन अंडी द्यायची, अंगात मांस भरलं पाहिजे. नाहीतर बेडसोर होईल, आणि अशा माणसाला पाठीच्या मणक्यापेक्षा बेडसोरच आधी घेऊन जातो. ही शेवटची गोष्ट त्यांनी हळू सांगितली, पण ह्यांना ऐकू गेली. मी म्हटलं, बेडसोर मी होऊ देणार नाही. आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्या पंधरवड्यातच माकडहाडावर लाल झालं आणि मग फुटलं.

तेव्हापासून माझं सगळं आयुष्य त्या जखमेभोवती आहे. दर शुक्रवारी मी शिंप्याच्या पट्टीने ती मोजते आणि कॅलेंडरवर लिहिते. पट्टी उकळते आधी. एक इंचाचे आठ सूत. सुरुवातीला अकरा सूत होती. मी गावाकडून जावळ मागवलं आणि ह्यांच्याखाली घालायला दोन मऊ जेनं केली, एक अंगाखाली, एक धुतलेलं. लोकर घाम पिते आणि तरी पाठीला ओली लागत नाही, हे मी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, चालू ठेवा. कोंबड्या घेतल्या, नऊ, गावरान. घराची मागची भिंत आणि टेकडीला बांधलेली संरक्षक भिंत यांच्यामध्ये चार फूट रुंद, अकरा फूट लांब पट्टी आहे, तिथे त्यांचं घर केलं. कोंबडा ठेवला नाही, तो ओरडतो, शेजाऱ्यांना त्रास. नऊ कोंबड्यांची रोज पाचेक अंडी. जागा झाली, जेन झालं, अंडी झाली, राहिलं कूस बदलायचं. दिवस-रात्र मिळून बारा वेळा.

ते मला जमत नव्हतं. मी बुटकी, हे आडदांड. बगलेत हात घालून ओढायचे, तर ओढताना कातडी घासायची. त्या मागच्या पट्टीवर शेजारच्या सुलभाची खिडकी उघडते. सुलभा मालवणकडची, माझ्याच वयाची, घरी बसून साड्यांना फॉल-बिडिंग करते. ह्यांना घरी आणल्यावर नवव्या की दहाव्या दिवशी तिने खिडकीतून, आमच्या उघड्या मागच्या दारातून आत बघितलं आणि तिथूनच म्हणाली, गो, माणूस आसा काय पोता? असो वडतंस कित्याक? आणि तशीच आली, हातातली सुई पदराला लावून. तिचा नवरा लकव्याने चौदा महिने अंथरुणावर होता, त्यातच गेला, तेव्हा तिला सगळं येत होतं. चादर दुमडून अंगाजवळ गुंडाळायची, चादर ओढायची, माणूस ओढायचा नाही. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी. हे तिने मला शिकवलं.

ह्यांना फार लाज वाटली. परकी बाई. पहिले काही दिवस हे डोळ्यांवर हात आडवा ठेवायचे. सुलभा दार सताड उघडं ठेवायची. गल्लीत एकीने काही तरी बोलून घेतलं, विधवा बाई, परका माणूस, वगैरे, तर सुलभा तिच्या दारात जाऊन म्हणाली, तुमका जमता तर तुम्ही येवा कूस परतूक, मी बसतंय घरी. मग कुणी बोललं नाही. आणि ह्यांची लाज तिने कशी घालवली सांगू? आमचा पलंग असा आहे की डाव्या कुशीवर वळवलं की तोंड मुलुंडकडे होतं आणि उजव्या कुशीवर कुर्ल्याकडे. ती आत यायची आणि विचारायची, काय भाऊ, मुलुंड की कुर्ला? हे म्हणायचे, कालपासून मुलुंडच चाललंय. मग ती म्हणायची, चला तर कुर्ला, घाटकोपर बंद, काम चालू आहे. घाटकोपर म्हणजे पाठ. जखम होती ना. हे हसायचे. मी नाही हसवू शकले त्यांना कधी, पडल्यापासून.

मग असं ठरून गेलं. बाराची आणि दोनची कूस सुलभाची, बाकी दहा माझ्या. कारण मी सव्वाअकराला लाटायला घ्यायचे आणि अडीचपर्यंत उठता येत नाही. लोकर एकदा भिजवली आणि लाटायला घेतली की मध्ये सोडता येत नाही, थंड झाली की जिथल्या तिथे धरते, घडी पडते आणि पडली ती पडली. त्या सव्वातीन तासांत दोनदा ह्यांची कूस येते. सुलभा नसती तर एक तर जेन गेलं असतं नाही तर ह्यांची पाठ. साडेतीन वर्षं तिने ते केलं. अकरा सुतांची जखम मागच्या हिवाळ्यात पाच सूत झाली. पाच. मी कॅलेंडर काढून तिला दाखवलं तर म्हणाली, अजून पाच आसत, नाचू नको.

माझं आणि तिचं भांडण एकच, अळूचं. तिने खिडकीखाली डब्यांत अळू लावलं होतं आणि माझ्या कोंबड्या ते उकरायच्या. ती ओरडायची, एक दिवस विष घालतंय बघ तुझ्या कोंबड्यांका. आठवड्यातून दोनदा म्हणायची. मीही म्हणायचे, घाल, मग अंडी कुठून नेशील. असं आमचं.

आता माझी चूक सांगते. यंदा उन्हाळ्यात गोरेगावहून चोवीस जेनांची मागणी आली, सगळी एका मोठ्या मालिकेसाठी, तारखेच्या आत. मी दिवसभर लाटण्यात, कोंबड्यांकडे लक्ष कमी. त्यांच्या खोक्यात भुसा असायचा तो खाली बसला आणि अंडी फरशीला लागून तडकायला लागली. आठवड्यात चार अंडी फुकट गेली. चार अंडी म्हणजे ह्यांचे दोन दिवस. ह्यांच्या जेनातून उरलेलं जावळ होतं अर्धा किलो, पिंजून ठेवलेलं, पांढरं, लोण्यासारखं. मी म्हटलं कोंबड्या ह्यांच्यासाठीच तर अंडी देतात, त्यांनाही मऊ असू दे. आणि ते खोक्यात पसरलं. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं. दोन दिवस एकही अंडं फुटलं नाही, तिसऱ्या दिवशी एक फुटलं, लोकरीला लागलं, मी वरवर पुसलं आणि परत लाटायला गेले.

त्याच आठवड्यात सुलभाने सांगितलं की तिच्या पिंपामागे उंदीर झालेत, औषध ठेवतेय, दोन दिवस कोंबड्या कोंडून ठेव. मी ठेवल्या. तिने सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मी काय केलं ते तुम्हाला बरोबर कळेल.

पुढच्या आठवड्यात एक कोंबडी मान वाकडी करून उभी राहायला लागली. खाईना. तोंडाला आंबूस वास. चार दिवसांनी मेली. मग दुसरी, मग तिसरी. नऊ दिवसांत तीन. अंडी पाचावरून दोनावर आली, मग एकावर. तिसरी मेली त्या सकाळी मी ती पायाला धरून उचलली आणि समोर सुलभा अळूला पाणी घालत होती, गाणं गुणगुणत. मला दुसरं काही दिसलंच नाही. मी म्हटलं, घातलंस ना शेवटी? तिला आधी कळलंच नाही. म्हणाली, काय घातलं? मी म्हटलं, विष. ती म्हणाली, वेडी झालंस काय. तिथे थांबायला हवं होतं. पण बायका खिडक्यांतून बघत होत्या, आणि माझ्या डोक्यात फक्त अंडी होती, पाच, दोन, एक, आणि मी मोठ्याने म्हटलं, तुझा गेला, आता माझाही जावा असं वाटतं ना तुला.

हे मी बोलले. साडेतीन वर्षं ज्या बाईने माझ्या नवऱ्याला रोज दोनदा वळवलं, तिला.

सुलभाने हातातला तांब्या खाली ठेवला. भांडली नाही. ती भांडकुदळ बाई, नळावर चार जणींना पुरून उरणारी, ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, गो, माका असा कसा म्हणतंस तू? आणि खिडकी लावून घेतली. बारा वाजले, ती आली नाही. दोन वाजले. हे आतून विचारत होते, सुलभाताई कुठे आहे? मी सांगितलं, तिला काम आहे. खोटं मला जमत नाही, आणि आमच्या भिंती पत्र्याच्या आहेत, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

पुढचे अठरा दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही नीट. चोवीसपैकी नऊ जेनं बाकी होती. मी लाटायला बसायचे, बाराला उठायचे, ओल्या हातांनी जाऊन ह्यांना वळवायचे, परत यायचे तर लोकर थंड. दोन जेनांना घडी पडली, ती गेलीच. एक दिवस हे म्हणाले, उठू नकोस, बाराची राहू दे, अडीचला दोन्ही मिळून कर. मी म्हटलं दोन्ही मिळून कशी होईल? म्हणाले, एक दिवसाने काय होतंय. मी ऐकलं. मला ऐकायचंच होतं, म्हणून ऐकलं. मग तसा एक दिवस झाला, मग तीन झाले, मग पाच. पाच दिवस मी माणसाला दहापासून अडीचपर्यंत, साडेचार तास एका अंगावर ठेवलं, घोड्याच्या पाठीला आराम मिळावा म्हणून.

शुक्रवारी पट्टी लावली तर सहा. पुढच्या शुक्रवारी नऊ, आणि कड काळी. अंग तापलेलं. दवाखान्यातल्या सिस्टरने जखमेवरचं ड्रेसिंग सोडलं आणि माझ्याकडे बघितलं, म्हणाली, मावशी, इतकं चांगलं केलं होतंत, आता काय झालं? त्या एकशे बेचाळीस पायऱ्या मी त्या दिवशी मोजल्या नाहीत. मध्येच बसले. मला वाटत होतं हा माणूस आता माझ्या हातून जाणार, आणि माझ्याच हातून जाणार, पडल्यामुळे नाही.

घरी आले तर चौथी कोंबडी मान वाकडी करून उभी. तिच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी मी चाचपून बघितली तर लिंबाएवढी आणि टणक. मी म्हटलं ही मरायच्या आधी कापायची, पोटात विष सापडलं की सगळ्या गल्लीला दाखवायचं. अजूनही माझ्या मनात तेच होतं, बघा. आमच्यात कोंबडी पुरुष कापतात, मी कधी कापली नाही. ह्यांना डाव्या कुशीवर केलं, मुलुंडकडे, परात खाली ठेवली, कोंबडी मी धरली, आणि ह्यांनी पडल्या पडल्या बिस्मिल्ला म्हणून सुरी चालवली. सुरी सरळ गेली. मग मी ती पिशवी चिरली.

आतून विष निघालं नाही. एक गोळा निघाला. धुतला. पांढरा, गोल, अंड्याएवढा, इतका घट्ट की बोट दाबलं तर दबेना, आणि वरून इतका गुळगुळीत की कुणाही पिंजाऱ्याने बघून वाहवा म्हणावं. हे आधी बोलले. म्हणाले, जैबू, हे तर आपलं काम.

माझं जावळ. अंडं लागलेलं, म्हणून चवीने खाल्लेलं, एकेक केस. ऊब तिथे होती, पाणी होतं आणि आत दाणे आणि खडे घासतच असतात. मी जे करायला सव्वातीन तास घेते ते त्या बिचाऱ्यांच्या गळ्यात चार दिवसांत होत होतं, आणि मी बाहेर बसून तेच काम करत होते. उरलेल्या पाच कोंबड्यांचं खोकं मी त्याच हातांनी उपसून काढलं. मग ह्यांच्यापाशी येऊन बसले. हे म्हणाले, आता जा. मी म्हटलं, कुठल्या तोंडाने जाऊ? म्हणाले, बोललीस त्याच तोंडाने जा, दुसरं कुठून आणणार?

मी गोळा हातात घेऊन तिच्या दारात गेले. ती साडी मांडीवर घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं, जावळ, अंडं, गळा, सगळं क्रमाने सांगितलं, आणि मग म्हटलं, सुलभा, माझी चूक झाली. तिने गोळा घेतला, तळहातावर तोलला. मग म्हणाली, माका वाटलेला, इतक्या वर्षांत तुका मी कळलंय. एवढंच. गोळा तिने शिलाईच्या डब्यात ठेवला आणि दार लावलं. आपटलं नाही, सावकाश लावलं. आतून कडी घातलेली मला ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी मी सव्वाअकराला लाटायला बसलेच नाही. काय उपयोग. बाराला पाच कमी असताना ती दारात आली. माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघून म्हणाली, तू भायर जा. मी उठून गल्लीत गेले. आतून आवाज आला, काय भाऊ, मुलुंड की कुर्ला? हे काही तरी बोलले, मला ऐकू आलं नाही, कारण मी तोंडात पदर कोंबला होता.

त्याला आता पाच महिने झाले. ती रोज येते, बाराला आणि दोनला, एक दिवस चुकली नाही. ह्यांच्याशी बोलते, हसते, गल्लीतल्या बातम्या सांगते. माझ्याशी बोलत नाही. मला काही सांगायचं असेल तर ह्यांना सांगते, भाऊ, तिला सांगा चादर ओली हा. आणि मी दाराबाहेर तीन फुटांवर असते, ती आत असेपर्यंत मी आत जात नाही. मी तिच्या खिडकीत अंडी ठेवते, पूर्वी आठवड्याला चार न्यायची. आता नेत नाही, परत आणून उकडून ह्यांनाच घालते. अळूच्या डब्यांभोवती मी जाळी लावून दिली. ती जाळी तिने काढली नाही, हे मी माझ्या मनाला सांगत असते.

चोवीसपैकी बावीस जेनं दिली, उशिरा. घोडेवाल्याने पुढची मागणी अजून सांगितलेली नाही. कोंबड्या पाच, अंडी अडीच-तीन. जखम काल सात सूत होती, मागच्या शुक्रवारीही सात, त्याच्या मागच्याही. उतरतही नाही, चढतही नाही. ताप येतो-जातो. डॉक्टर म्हणतात हाडापर्यंत गेली असेल तर ऑपरेशन, आणि ते टिकेल असं सांगता येत नाही. मी त्यांना विचारलं, त्या पाच दिवसांनी किती सूत वाढली असेल? ते म्हणाले, असा हिशेब नसतो मावशी. असतो. तेवढा हिशेब मला येतो.

खोटं सांगणार नाही, कधी कधी वाटतं आता नको. मग घड्याळ बघते तर कूस बदलायची वेळ झालेली असते, आणि उठावंच लागतं. सुलभाने माझ्याशी बोलावं असं मी आता दुवेत मागत नाही. तिचे गुडघे दुखतात, दोन पायऱ्या चढायला तिला भिंत धरावी लागते, तर अल्ला तिचे गुडघे चांगले ठेवो, तिच्या हातात जोर राहो, एवढंच मागते. त्यात माझा स्वार्थ आहे, पण दुवा खरी आहे.

बाराला सात कमी आहेत, सुलभा येईल. तुम्ही बसा, तुमचं तिला काही नाही. मला बाहेर जायला हवं.